आठल्ये काकांचा पीएच

आमच्याकडे चहाला आलेली माणसं आधी घोट घेतात आणि मग साखर कमी झाली की जास्त ते सांगतात. आठल्ये काकांचं तसं नाही. ते आधी शर्टाच्या खिशातून एक लहानशी प्लास्टिकची डबी काढतात. त्यातली पिवळी कागदाची पट्टी चिमटीत धरून कपात बुडवतात, खिडकीकडे तोंड करून तिचा रंग निरखतात आणि "साडेसहा. चांगला झालाय, पण उपयोग नाही," असं म्हणून मग चहा पितात. उपयोग नाही म्हणजे ब्लूबेरीला उपयोग नाही. काकांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे पातळ पदार्थ आहेत, ब्लूबेरीला चालणारे आणि बाकीचे.

लग्न होऊन मी ठाण्यात वर्तकनगरच्या या इमारतीत आले त्याला आता बरीच वर्षं झाली. आठल्ये काका-काकू आमच्या अगदी समोर राहतात. एकदा मी त्यांच्याकडे वाटीभर कढी पाठवली, तर वाटी परत द्यायला काका स्वतः आले. चेहऱ्यावर नुसता आनंद.

"वैशाली, काय कढी केलीयस! बरोब्बर साडेचार!"

"नाही हो काका, दुपारी केलेली. बारा वाजले असतील."

"अगं, पीएच साडेचार! तुझ्या कढीत ब्लूबेरी लावता येईल!"

माझ्या स्वयंपाकाची अशी तारीफ माझ्या सासूबाईंनीसुद्धा कधी केली नव्हती. तेव्हा मला पीएच म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. आता मी झोपेतही सांगू शकेन. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा जितका खाली, तितकी वस्तू आंबट. ब्लूबेरीला चांगली आंबट माती लागते, साडेचार-पाचच्या घरातली. आपल्या कुंडीतली माती आणि नळाचं पाणी तिला अजिबात मानवत नाही. हे काकांनी इमारतीतल्या प्रत्येकाला, अगदी इस्त्रीवाल्यालाही, निदान एकदा तरी समजावून सांगितलं आहे.

काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर लोकांचं ऑफिस सुटतं, काकांचं सुटलं पण पट्ट्या सुटल्या नाहीत. त्या पट्ट्यांना ते दुसऱ्या कोणाला हातही लावू देत नाहीत. "ओल्या बोटांनी वाट लावाल," म्हणतात. सोसायटीची टाकी, भेळवाल्याची चिंचेची चटणी, सत्यनारायणाचं तीर्थ, काकांच्या तावडीतून काही सुटलेलं नाही. तीर्थाच्या वेळी गुरुजी जरा रागावलेले.

"पूर्वी ही फळं अमेरिकेतल्या थंड रानांत आपोआप यायची," काका सांगतात. "मग तिकडच्या लोकांनी शेतात लावली. आणि आता बघ! चिली, पेरू, मोरोक्को, दक्षिण आफ्रिका, पोलंड, चीन! पेरू देशात तर वाळवंटात लावतात, वैशाली. वाळवंटात! खाली वाळू, वर ऊन, आणि मधे नळ्यांतून थेंब थेंब पाणी. त्या पाण्यात मोजून आम्ल. जिथे परवापरवापर्यंत निवडुंग धड उगवत नव्हता, तिथून आता जहाजं भरून ब्लूबेरी निघते."

हे सांगताना काका असे फुलतात की जणू त्या वाळवंटात पाणी त्यांनीच नेलं असावं. तसं ते थोडंफार खरंही आहे. पाण्यात आम्ल मोजून सोडायचं काम तिथे जी माणसं करतात, त्यांच्यात त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल आहे. दापोलीला शेतीचं शिकला, काही वर्षं नाशिककडे द्राक्षांच्या निर्यातीत काढली आणि मग पेरूच्या एका मोठ्या मळ्यात नोकरीला गेला.

आता जगात बारा महिने कुठे ना कुठे ब्लूबेरीची तोडणी चालू असते. एका देशाची संपली की दुसऱ्याची सुरू होते. त्यामुळे काकांना महिन्यांची नावं लागत नाहीत. "तुमच्या प्रकाशचा पाय मोडला ना, तेव्हा मोरोक्को चालू होता," असं ते सांगतात. प्रकाश म्हणजे माझा नवरा. आमची लिफ्ट बंद पडली ती पोलंडमध्ये आणि चालू झाली ती थेट चिलीत.

नाक्यावरच्या फळवाल्याला ते भाव कधीच विचारत नाहीत. "आत्ता कुठली चालू आहे?" एवढंच विचारतात आणि ब्लूबेरीची पारदर्शक डबी उलटी करून चष्मा कपाळावर ढकलून बारीक अक्षरं वाचत उभे राहतात. एकदा तो वैतागून म्हणाला, "अंकल, लेना है के पढना है?"

"पढना है," काका शांतपणे म्हणाले.

गणपतीच्या आधी मी फुलं आणायला कल्याणच्या घाऊक बाजारात गेलेले, तेव्हा काका बरोबर आले. माझी झेंडू, शेवंती, सगळी खरेदी झाली तरी काकांचा पत्ता नाही. शोधत फळांच्या बाजूला गेले, तर एका गाळ्यासमोर खोक्यांच्या थप्पीपाशी उभे. वरच्या खोक्याच्या चिकटपट्टीवर पेरूचं नाव होतं. काका तिच्यावरून अंगठा फिरवत होते.

"निखिलच्या पाण्याची असेल," ते म्हणाले.

तिकडे एवढे मळे आहेत, तेव्हा नसण्याचाच संभव जास्त, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी फुलांची एक पिशवी त्यांच्या हातात दिली आणि आम्ही परत आलो.

निखिल दिवाळीला कधीच घरी नसतो. पेरूची तोडणी ऐन भरात असते ती नेमकी तेव्हा. "लंडनच्या बाईला ऑक्टोबरात ब्लूबेरी हवी असते, म्हणून आमच्याकडे दिवाळीला पोरगा नसतो. जागतिक बाजारपेठ म्हणतात ती हीच," असं काका हसत हसत सांगतात. काकू हसत नाहीत. त्या उठून आत जातात आणि चकल्यांचा डबा घेऊन येतात.

सुमतीकाकूंबद्दल सांगायचं राहिलं. काका जितके बोलके, तितक्या काकू गप्प. ब्लूबेरीबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपतं. "आमच्या देवरूखला जाळीत करवंदं फुकट मिळायची, त्यासाठी कोणाला समुद्र ओलांडावा लागला नाही." निखिल गेल्यावर त्या आणखीच गप्प झाल्या. त्यांच्या दारातली रांगोळी बंद झाली, भिशीला येणं बंद झालं. सकाळी दहा वाजले तरी खिडकीचा पडदा ओढलेलाच असायचा.

मधे एकदा निखिल सुट्टीला आला, तेव्हा कुठल्याशा डोंगराळ भागातल्या ओळखीच्या नर्सरीतून त्याने एक रोप आणलं. एक निळं पिंप अर्धं कापून त्यात गच्चीवर लावलं. जाताना म्हणाला, "बाबा, जगेल बहुतेक. पण फळाचं विसरा. ठाण्यात नाही येणार."

झालं. काकांना आयुष्याचं काम मिळालं.

त्यानंतर निखिल थेट दोन वर्षांनी, मार्चमध्ये येणार होता. तोपर्यंत झाडाला एक तरी फळ धरायला हवं, हे काकांनी पक्कं केलं. नुसती पैज म्हणून नव्हे. देवरूखजवळ त्यांची थोडी जमीन आहे, जांभ्याची. "आपली जांभ्याची माती मुळातच आंबट," काका म्हणायचे. "पोरगं म्हणतं आपल्याकडे होत नाही. एकदा होतं म्हणून डोळ्यांनी बघितलं, की मग..." पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. मुलगा परत यावा, असं त्यांना वाटत होतं. त्या जमिनीतली माती त्यांनी श्रीखंडाच्या डब्यात आणून ठेवली होती. तीर्थालाही न सोडणाऱ्या या माणसाने त्या डब्यात मात्र पट्टी बुडवली नव्हती. "ती निखिल आल्यावर," एवढंच म्हणायचे.

मग सुरू झाल्या काकांच्या खटपटी. आम्ही मनालीला निघालो, तर निरोप द्यायला आले आणि म्हणाले, "शाल-बिल काही नको. पाइनच्या झाडाखाली वाळक्या सुया पडलेल्या असतात, त्या आण. मातीवर पसरतात." मनालीत लोक बर्फात फोटो काढत होते आणि मी आणि प्रकाश झाडाखाली वाकून उशीच्या अभ्र्यात सुया भरत होतो. परतीच्या प्रवासात सामान तपासणाऱ्या माणसाने तो अभ्रा उघडला, हुंगला आणि आमच्याकडे बराच वेळ बघितलं. प्रकाशने अजून त्याबद्दल काकांना माफ केलेलं नाही.

झाडाला थंडीही लागते. ठाण्यात थंडी म्हणजे पंखा एकवर करणं. निखिलने फोनवर सांगितलं होतं की या जातीला थंडी फार लागत नाही, पण काकांना कुठली जोखीम नको होती. लग्नसराईत मागच्या हॉलमधून उरलेला बर्फ आणून ते पिंपाभोवती पोत्यात गुंडाळून ठेवायचे. संध्याकाळी गच्चीवर फिरायला येणाऱ्या मंडळींना वाटायचं, सोसायटीत कुल्फीची सोय झाली.

एवढं करूनही मातीचा पीएच खाली येईना. काका गंधक घालायचे, पाण्यात थेंब थेंब व्हिनेगर सोडायचे, पट्टी लावायचे, तर आकडा पुन्हा वर. झाडाची पानं पिवळी पडायला लागली. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, रंगकामाचा विषय चालू असताना, काका ताडकन उभे राहिले.

"या इमारतीत कोणीतरी माझा पीएच वाढवतंय!"

सेक्रेटरींना वाटलं रक्तदाबासारखं काही असेल. त्यांनी पाणी मागवलं. काकांनी समोरच्या टॉवरच्या बांधकामाची सिमेंटची धूळ, महापालिकेचं पाणी आणि मुख्य म्हणजे कबुतरं, अशा सगळ्यांवर आरोप केले. तेव्हापासून कबुतर दिसलं की काका गच्चीवर चप्पल घेऊन धावायचे. मुलं खालून टाळ्या वाजवायची.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी मी तीळ धुऊन वाळत घालायला जरा लवकरच गच्चीवर गेले. बघते तर सुमतीकाकू! न्हाऊन-माखून, केस विंचरून, पदर खोचून, हातात तबक. पिंपापाशी पाटावर बसल्या होत्या. त्यांनी तळव्याने माती अलगद सारखी केली आणि थेट त्या मातीवर, झाडाच्या बुंध्याभोवती, ठिपक्यांची रांगोळी काढायला लागल्या. मग हळद-कुंकू वाहिलं आणि मातीतच उदबत्ती खोवली. जुन्या उदबत्त्यांची राख तिथे आधीपासून होतीच.

"काल आवाज बसल्यासारखा वाटला रे तुझा," त्या झाडाला म्हणाल्या. "जेवतोस ना वेळेवर?"

मला बघून त्या लाजल्या. "निखिलचं झाड ना हे. तो तिकडे दिवसभर यांच्यातच असतो. याचं बरं असलं, की त्याचं बरं."

मी हो म्हटलं, पण माझं लक्ष त्या पांढऱ्या ठिपक्यांवर होतं. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची पूड, हे मला माहीत होतं. दगडाची पूड आणि राख आंबट मातीचं काय करतात, हे काकांनी दोन वर्षं माझ्या डोक्यात भरलं होतं. गुन्हेगार सापडला होता.

काकू खाली गेल्या. मी काकांना सांगायला निघाले, तर काका जिन्याच्या दाराआड लपून उभे. काकू नजरेआड होईपर्यंत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या दुसऱ्या हातात एक चमचा, व्हिनेगरची बाटली आणि दाढीचा ब्रश होता.

मग ते येऊन पाटावर बसले. चमच्याने रांगोळी अलगद खरवडून कागदावर घेतली, पानांवर उडालेली पूड ब्रशने झटकली, राख वेचली. मग त्या कागदावर व्हिनेगरचा एक थेंब टाकला. पांढरी पूड फसफसली.

"बघ. चुनखडी. हेच सगळं वर नेतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर्ष होऊन गेलं."

"मग मीटिंगमधला तो तमाशा? कबुतरं?"

"कबुतरांवर संशय घेतला की लोक वर बघतात," काका म्हणाले. "खाली मातीकडे कोणी बघत नाही."

मला हसू आवरेना, पण थोडा रागही आला. "काका, मार्च आलाय तोंडावर. फळ हवंय ना तुम्हाला? सांगा ना काकूंना!"

"काय सांगू? तुझ्या पूजेने झाड मरतंय म्हणून सांगू?"

"निदान रांगोळी खाली फरशीवर काढा म्हणावं."

"सुचवलं होतं. मला म्हणाली, मुलाला काय लांबून ओवाळतात?" काका ब्रशचे केस बोटाने साफ करत होते. "तुला आठवतंय ना, निखिल गेल्यावर ती उठायचीच नाही. मी चहा करून न्यायचो, तो तसाच गार व्हायचा. आता बघ. माझ्या आधी उठते. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढते. हे बंद पडलं, तर उद्या सकाळी ती कशासाठी उठेल?"

"आणि तुमचं फळ?"

"ती घालते, मी काढतो. चाललंय. बघू कोण जिंकतं."

त्या दिवसापासून मीही त्या लढाईत सामील झाले. काकांना सर्दी झाली की चमचा आणि ब्रश माझ्याकडे यायचा. पट्टी मात्र नाही, ती ते स्वतःच खोकत खोकत येऊन लावायचे. महिनाअखेरीस झाडाला पांढरी, घंटेसारखी लहान फुलं आली. काकूंनी दृष्ट काढली, म्हणजे आणखी मीठ-मोहऱ्या वेचणं आलं. फुलांतून चार-पाच हिरवे मणी धरले. त्यातले काही गळले, काही बुलबुलाने नेले. शेवटी एकच राहिला. त्याच्यावर काकांनी आमची चहाची गाळणी उलटी बांधली. महिनाभर आम्ही चहा फडक्याने गाळला.

मार्चमध्ये निखिल आला. उन्हाने रापलेला, केस जरा मागे गेलेले. काकूंनी त्याला ओवाळलं आणि बॅगा उघडूही न देता थेट गच्चीवर नेलं. काका मागून, खिशातल्या डबीवर हात ठेवून. मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे. ट्रे हे निमित्त होतं, मला फळाचा निकाल बघायचा होता.

काकूंनी त्या दिवशी खास मोठी रांगोळी काढली होती. निखिल झाडापाशी उकिडवा बसला. आधी त्याला गाळणीतलं निळं फळ दिसलं आणि तो चकित झाला. मग त्याची नजर खाली गेली. त्याने पांढरी पूड बोटावर घेतली, चोळली, पिवळ्या पानांकडे पाहिलं. त्याचं तर कामच ते. त्याला कळायला क्षणभरही लागला नाही. त्याने तोंड उघडलं आणि बापाकडे वळून पाहिलं.

काका आकाशाकडे बघत होते. "कबुतरं फार झालीत इथे," ते म्हणाले.

निखिल उठून उभा राहिला. मग बोटावरची रांगोळी त्याने पँटला पुसली.

"हो बाबा," तो म्हणाला. "कबुतरंच असणार."

"मी केव्हाची सांगतेय, जाळी लावून घ्या," काकू म्हणाल्या.

फळ तोडलं. काकूंनी ते तबकात ठेवून देवाला दाखवलं आणि तेवढ्याशा मण्याचे सुरीने चार भाग केले. माझा वाटा जिभेवर ठेवला आणि माझे डोळे आपोआप मिटले. चिंचेहून आंबट! पण लगेच डोळे उघडून मी निखिलकडे बघितलं. काकाही त्याच्याकडेच बघत होते. हा मुलगा तिकडे जहाजं भरून ब्लूबेरी पाठवणारा. तो बराच वेळ चघळत राहिला.

"आंबट आहे," तो म्हणाला. "पण येतं, बाबा. इथे येतं."

काकांनी मान हलवली. मग ते घाईघाईने खाली गेले आणि श्रीखंडाचा डबा घेऊन आले. पाण्याची बाटली आणि वाटीही बरोबर आणली होती. देवरूखची तांबडी माती वाटीत कालवून ती निवळेपर्यंत आम्ही सगळे वाटीभोवती बसून होतो. काकांनी खिशातून डबी काढली, पट्टी काढली आणि ती निखिलच्या हातात दिली.

निखिलने आधी हात शर्टाला पुसून कोरडे केले. पट्टी बुडवली, उजेडाकडे धरली आणि एक डोळा बारीक केला. हुबेहूब काका.

"पाच," तो म्हणाला. "किंचित वर असेल."

"चालेल?" काकांनी विचारलं.

सगळ्या इमारतीला पीएच शिकवणारा हा माणूस, पाच चालतो की नाही ते मुलाला विचारत होता.

निखिलने पट्टीकडे पुन्हा पाहिलं, मग आईकडे. "चालेल, बाबा. यंदाची तोडणी आटपू दे. मग आपण एकदा जाऊन जागा बघून येऊ."

"आधी चहा घ्या," काकू म्हणाल्या. "गार होतोय."

आम्ही तिथेच पिंपाच्या कडेला बसून चहा घेतला. काकांनी कप तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा संपवला. किती पीएच होता, ते त्या दिवशी कोणालाच कळलं नाही.